न वाचता केलेली सही: करार बांधतो का, आणि सहीच्या आधी-नंतर काय, कोणत्या क्रमाने करायचं

आधी उत्तर. हो, न वाचता केलेली सही बांधते. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये 'वाचलं होतं का' अशी अटच नाही. कायदा विचारतो की संमती होती का आणि ती मोकळी होती का. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाने सही केली की मजकूर त्याला मान्य आहे असंच धरलं जातं. ॲपवर 'मला मान्य आहे' या चौकोनावर केलेली टिचकी आणि आधारचा ओटीपी टाकून केलेली ई-सही यांनाही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे हेच लागू होतं.

लोक चुकतात ते यापुढे. अडकल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "साहेब, मी न वाचताच सही केली हो." हा बचाव नव्हे, कबुली आहे, आणि ती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवली असेल तर समोरच्याचं काम सोपं झालं. का, ते टप्पा ६ मध्ये येईल.

सही व्हायची असेल तर पहिल्यापासून वाचा. होऊन गेली असेल तर थेट टप्पा ५ वर जा.

## टप्पा १: मसुदा आधी मागा

सहीच्या टेबलावर वाचून होत नाही. समोर चाळीस पानं, शेजारी पेनने फुल्या मारत "इथे, इथे आणि इथे" म्हणणारा एजंट, मागे रांग. तिथे वाचायचा निश्चय टिकत नाही, म्हणून वाचन तिथे ठेवूच नका. व्यवहार ठरला त्याच दिवशी एक ओळ लिहून पाठवा: "कराराचा पूर्ण मसुदा, सर्व परिशिष्टांसह, सहीच्या आधी पाठवावा." मागणी लेखीच हवी. मसुदा आला नाही तर तुम्ही मागितला होता एवढं तरी कागदावर राहतं.

कर्ज असेल तर केएफएस, म्हणजे मुख्य तथ्यांचं पत्रक, मागा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ते सक्तीचं केलं आहे आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवं. त्यात सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. पत्रकात न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात पत्रकातला देकार किमान तीन कामकाजाचे दिवस खुला ठेवावा लागतो. तेव्हा "आज सही नाही केली तर उद्या हा रेट जाईल" हे ऐकून घाबरू नका.

फ्लॅट असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत बिल्डरने चढवलेला कराराचा मसुदा पाहायला मिळतो. तो उतरवून घ्या आणि हातात दिलेला कागद त्याच्याशी ताडून पाहा. विक्रीकरार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं. ज्याने आधीच तीस टक्के देऊन ठेवलेत त्याला करार वाचून उपयोग काय? अट आवडली नाही तरी तो उठून जाऊ शकत नाही.

इशारा: फॉर्म इंग्रजीत आणि तुमची सही मराठीत असेल तर शेवटच्या पानाजवळ भाषेचा एक दाखला असतो: "मजकूर अर्जदारास त्याच्या भाषेत समजावून सांगितला." त्याखाली बहुतेक वेळा एजंटचीच सही असते. खरोखर समजावून सांगितल्याशिवाय तो दाखला भरू देऊ नका. "मला इंग्रजी येत नव्हतं" हा तुमचा बचाव हाच दाखला बंद करतो.

## टप्पा २: मागून पुढे वाचा

पहिल्या पानापासून वाचणारा तिसऱ्या पानावर थकतो, आणि तिथपर्यंत नुसत्या व्याख्याच असतात. क्रम उलटा ठेवा.

शेवटचा परिच्छेद. मराठी खतांच्या तळाशी एक ठरलेलं वाक्य असतं: "हे खत मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, वाचून व समजून लिहून दिले असे." लोक ते शोभेचं समजतात. उद्या कोर्टात तुम्ही "वाचलं नव्हतं" म्हणालात की हेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जातं.

परिशिष्टं आणि मोकळ्या जागा. रक्कम, क्षेत्रफळ, गट नंबर, हप्त्याची तारीख हा खरा व्यवहार परिशिष्टात असतो. परिशिष्ट जोडलेलंच नसेल तर वाचन तिथेच थांबवा आणि ते मागवा.

बाहेर पडण्याच्या अटी. लॉक-इन (ज्या काळात मधेच सोडता येत नाही तो), नोटिशीची मुदत, मुदतपूर्व परतफेड, करार कोण आणि कधी संपवू शकतो. ही कलमं दोनदा वाचा. भाडेकरारात "लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास उर्वरित कालावधीचे संपूर्ण शुल्क देय राहील" अशी ओळ सापडते; नोकरीत बदली झाली की ती आठवते. मुदत संपूनही जागा न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते. ती करारात लिहिलेली नसली तरी लागते.

एकतर्फी अधिकार. 'वेळोवेळी', 'स्वेच्छानिर्णयानुसार', 'पूर्वसूचनेशिवाय' हे शब्द शोधा. त्यानंतर त्याच चुकीसाठी तुम्हाला किती दंड आणि समोरच्याला किती, हे शेजारी-शेजारी लिहून पाहा. गुरुग्राममधल्या एका प्रकल्पाच्या करारात हप्ता चुकवणाऱ्या ग्राहकाला १८ टक्के व्याज होतं आणि पैसे परत करायची वेळ आली तर बिल्डरला ९ टक्के. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायोनिअर अर्बन लँड प्रकरणात असा एकतर्फी करार सहीनिशी असूनही ग्राहकावर लादता येणार नाही, असं ठरवलं. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, पण तिथवर पोचायला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. ही दोन आकड्यांची तुलना सहीआधी पाच मिनिटांत होते.

वाद कुठे चालणार. "लवाद (कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाकडून होणारा निवाडा) चेन्नई येथे होईल" अशा अर्थाचं लिहिलं असेल आणि तुम्ही लातूरला असाल, तर प्रवासखर्चही करारातच धरा.

'यासोबत लागू' असलेले कागद. "संकेतस्थळावरील अटी या कराराचा भाग समजल्या जातील" ही एक ओळ न पाहिलेली पानंच्या पानं आत आणते. ती पानं त्या तारखेला पीडीएफ करून ठेवा, कारण पुढे ती बदलतात.

जामीनदारांसाठी थोडं थांबतो, कारण सर्वात बेफिकीर सह्या इथेच होतात. पतसंस्थेच्या ओट्यावर "नुसती सही हवी, कागदोपत्री" म्हणून मित्राला बोलावलं जातं. फॉर्मवर मात्र 'संयुक्तिकरीत्या व वैयक्तिकरीत्या' असं छापलेलं असतं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असं तो म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ मध्येच स्पष्ट केलं आहे. सहकारी संस्थेला तर दिवाणी दावाही लावावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि जप्ती दारात येते. कर्जाची पूर्ण रक्कम स्वतः फेडायची तयारी असेल तरच जामीन राहा, नाहीतर चहा पाजून मित्राला घरी पाठवा.

पडताळणी: कागद बंद करून तीन प्रश्नांची उत्तरं द्या. एकूण किती पैसे जाणार? मधेच सोडलं तर किती जाणार? भांडण झालं तर कुठे जायचं? एकाचंही उत्तर अडलं तर वाचन झालेलं नाही.

## टप्पा ३: तोंडी शब्द कागदावर आणा

"ती अट नावापुरती असते हो, आजवर कोणाला लावलेली नाही." मग खोडायला हरकत कसली? लेखी कराराच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं पुराव्यात घेतलं जात नाही, असा साधा नियम आहे. आधीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९१-९२ मधला हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९४-९५ मध्ये आला आहे. फसवणूक दाखवायची असेल तर त्याला अपवाद आहे, पण ती दाखवण्याचं ओझं तुमच्यावर.

नको असलेली ओळ एका रेघेने खोडा, खाली वाचता येईल अशी. शेजारी नवा मजकूर लिहा आणि दोन्ही बाजूंच्या लघुसह्या व तारीख घ्या. छापील फॉर्मला हात लावायला नकार मिळाला तर निदान ईमेल करा: "आज आपल्या कार्यालयात सांगितल्याप्रमाणे कलम अमुक लागू होणार नाही, असे समजून मी सही करत आहे. चुकीचे असल्यास सहीआधी कळवावे." ही ईमेल सहीच्या आधीची हवी. नंतर पाठवलेलीला फारसं वजन राहत नाही.

## टप्पा ४: सहीच्या टेबलावर

आता वाचायचं नाही, जुळवायचं. मसुदा आणि समोरचा कागद यांची पानं मोजा, आकडे ताडून पाहा. मोकळ्या जागांवर आडवी रेघ मारा. प्रत्येक पानावर सही करा. शेवटच्याच पानावर सही असेल तर मधली पानं बदलायला वाट मोकळी राहते.

नंतर प्रत मागा आणि ती मिळेपर्यंत उठू नका. "कुरिअरने येईल" असं उत्तर आलं तर प्रत्येक पानाचा फोटो काढा.

इशारा: कोरा धनादेश आणि कोरा स्टॅम्पपेपर, दोन्हींवर सही नको. बीर सिंग विरुद्ध मुकेशकुमार या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सही करून कोरा दिलेला धनादेश दुसऱ्याने भरला तरी तो देण्यासाठीच दिला होता असं गृहीत धरलं जाईल. उलट सिद्ध करणं सही करणाऱ्याचं काम. "सिक्युरिटी म्हणून" द्यावाच लागला तर रक्कम आणि तारीख स्वतः भरा आणि धनादेशाच्या नंबरासह पोचपावती घ्या.

स्टॅम्पबद्दलचा एक गैरसमजही इथेच काढून टाकू. 'पाचशेचा स्टॅम्प नाही, नोटरी नाही, म्हणजे करारच नाही' असं नसतं. साध्या कागदावरचा करारही बांधतो. मुद्रांक कमी असेल तर शुल्क आणि दंड भरून तो पुराव्यात आणता येतो. महाराष्ट्रातला भाडेकरार मात्र अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं (भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५).

## टप्पा ५: सही झाल्यावरचे पहिले दिवस

न वाचता सही झालीच असेल तर आज रात्री वाचा. काही व्यवहारांत कारण न देता बाहेर पडायची खिडकी असते आणि ती लवकर बंद होते.

- विमा: पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लुक काळ असतो. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. 'एफडीसारखंच आहे' म्हणून गळ्यात मारलेल्या पॉलिसीवर याहून सोपा उपाय नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.
- ॲपवरचं कर्ज: केएफएसमध्ये कूलिंग-ऑफची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय सुटता येतं. प्रक्रिया शुल्क मात्र जाऊ शकतं.
- बाकी करार: अशी आपोआप मिळणारी खिडकी नसते. 'सात दिवसांत कुठलाही करार रद्द करता येतो' हे ऐकीव आहे.

खिडकी नसली तरी रात्रीचं वाचन वाया जात नाही. हरकत दुसऱ्या दिवशी लेखी कळवलेली आणि आठ महिन्यांनी आठवलेली, यांचं वजन कोर्टात सारखं नसतं.

## टप्पा ६: अडकला असाल तर आधी खाना ठरवा

इथे घाईने नोटीस पाठवणारे हरतात. तुमची तक्रार नेमकी कुठल्या खान्यात बसते, ते आधी ठरवा.

खाना अ: कागदच वेगळा निघाला. पीक कर्जाचा अर्ज म्हणून सही घेतली आणि निघालं खरेदीखत. कागदाच्या स्वरूपाबद्दलच फसवलं असेल तर तो व्यवहार मुळातूनच निरर्थक ठरतो. निंगव्वा विरुद्ध बायरप्पा (१९६८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ आखली.

खाना ब: कागद तोच, मजकूर वेगळा. कर्जाचाच करार, पण व्याज सांगितलं एक आणि लिहिलं दुसरं. हा करार रद्द *करता येण्याजोगा* असतो, आपोआप रद्द होत नाही. 'न वाचता' हे शब्द घात करतात ते इथे. करार कायद्याचं कलम १९ म्हणतं की चुकीचं निवेदन झालं असेल किंवा गप्प राहून फसवलं असेल, पण साधारण दक्षतेने सत्य कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. समोर ठेवलेला कागद न वाचणं म्हणजे दक्षता न घेणंच. म्हणून तक्रार "मी वाचलं नाही" अशी नको. खरोखर तसं घडलं असेल तर "मला अमुक तारखेला, अमुक व्यक्तीने, अमुक दर सांगितला, वाचायला मागितलं तेव्हा नकार मिळाला, विश्वास ठेवून मी सही केली" अशी मांडा. दिवाणी प्रक्रिया संहितेत फसवणुकीचे तपशील तारखेनिशी द्यावेच लागतात, मोघम आरोप चालत नाही. आणि घडलंच नसेल तर रचू नका, उलटतपासणीत ते दहा मिनिटं टिकत नाही.

खाना क: दबाव किंवा प्रभाव. आजारी वडील, निरक्षर आजी, सगळे व्यवहार पाहणारा पुतण्या. समोरचा वरचढ होता आणि व्यवहार उघड अन्यायाचा दिसतो, एवढं दाखवलं की प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावर येते (कलम १६).

खाना ड: सही ठीक, पण अटच बेकायदा. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं त्याच क्षेत्रात काम करू नये ही अट कलम २७ खाली सहसा टिकत नाही. कोर्टात जायचाच मार्ग बंद करणारी अट कलम २८ खाली पडते. पण नोकरीचे सगळे बाँड (ठरलेला काळ काम केलं नाही तर पैसे भरण्याची हमी) पोकळ असतात असं समजून राजीनामा देऊ नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. कलम ७४ प्रमाणे रक्कम वाजवी नुकसानीपुरती असावी लागते, पण वाजवी असेल तर ती द्यावी लागते.

खाना इ: यांपैकी काहीच नाही. कोणी खोटं बोललं नाही, कोणी धमकावलं नाही, कंटाळा आला म्हणून वाचलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच खान्यातल्या असतात. इथे दावा लावू नका, वाटाघाट करा: मुदत वाढवून मागा, दंड कमी करून घ्या, लॉक-इनऐवजी बदली भाडेकरू आणून द्या.

सही करणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर खाना पाहायची गरज नाही. तो करार त्याच्यावर लागूच होत नाही.

पडताळणी: सत्य कळल्यानंतरही तुम्ही त्या करारातले फायदे घेत आहात का? खाना ब आणि क मध्ये ते चालू ठेवलं तर करार तुम्ही मान्य केला असा अर्थ निघतो.

## टप्पा ७: नोटीस आणि दार

क्रम असा: कागद गोळा करा, घटनांचा तारीखवार तक्ता लिहा, लेखी हरकत पाठवा, मग वकिलाची नोटीस, मग दावा. नोंदवलेलं खत रद्द करायला सहसा दिवाणी न्यायालयच लागतं (विशिष्ट अनुतोष कायदा, कलम ३१). दुय्यम निबंधकाला अर्ज दिल्याने किंवा पोलिसांत फसवणुकीची फिर्याद दिल्याने खत रद्द होत नाही. मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं. खाना अ मध्येही ही मुदत धरूनच हालचाल करा.

ग्राहक असाल आणि कराराची अटच अन्याय्य असेल, म्हणजे बेसुमार डिपॉझिट, अवाच्या सवा दंड, कर्ज लवकर फेडायला नकार, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ती रद्द ठरवून घेता येते. ही तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. अनेक जण इथे दार चुकतात आणि वर्ष घालवतात. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

सावकाराने कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतले व्यवहार त्यात येतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

इशारा: वाद चालू आहे म्हणून हप्ता बंद करू नका. सिबिल बिघडतं, दंड चढतो आणि थकबाकीदार म्हणून तुम्हीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहता. "हक्क राखून, हरकतीसह भरत आहे" असं कळवून भरा. लवादाची नोटीस आली तर ती परत पाठवू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीने एकतर्फी लवाद नेमला असेल तर त्या नेमणुकीवरच हरकत घेता येते, पण ती पहिल्या तारखेलाच लेखी घ्या. गैरहजर राहिलात की निवाडा होतो आणि थेट अंमलबजावणीचा कागद घरी येतो.